द्रवत्व कणाचे की समूहाचे?

पदार्थ वाहतो तेव्हा वाहण्याचा गुण नेमका कशात राहतो, हा वैशेषिक दर्शनातील एक मूलभूत प्रश्न आहे. या दर्शनाचे सूत्रकार कणाद यांच्या सूत्रांत 17 गुण सांगितले आहेत. भाष्यकार प्रशस्तपादांनी ते 24 मानले आणि त्यांत द्रवत्वाला स्थान दिले. पाण्याचे द्रवत्व सांसिद्धिक, म्हणजे स्वभावसिद्ध. ते जलपरमाणूंतही नित्य असते. तुपाचे किंवा सोन्याचे नैमित्तिक, म्हणजे अग्निसंयोगाने येणारे.

बुलढाणा जिल्ह्यातील काळी जमीन या विभागणीची परीक्षा घेते. बेसाल्ट झिजून झालेल्या या मातीत मॉन्टमोरिलोनाइट हे फुगणारे खनिज मुबलक असते. त्याचे पापुद्रे सुमारे 1 नॅनोमीटर जाडीचे असून त्यांच्या थरांत पाणी शिरते. म्हणून उन्हाळ्यात भेगाळलेली जमीन पावसात चिखल होते, आणि वाफसा येईपर्यंत औत घालता येत नाही. हा चिखल नुसता ठेवला तर आकार धरतो. पायाखाली दाबला की सरकतो. येथे निमित्त अग्नीचे नसून बळाचे आहे.

चिखलासारख्या दाट मिश्रणात प्रत्येक सूक्ष्म कण शेजाऱ्यांनी कोंडलेला असतो. एकसारखे कठीण गोल कण अस्ताव्यस्त रचले, तर सुमारे 64 टक्के जागा भरताच ते जखडतात. मऊ कण चेपले जातात, त्यामुळे त्यांची दाटी याहून पुढे जाऊ शकते. ताण ठरावीक मर्यादा ओलांडतो तेव्हा कोंडी फुटते, कणांचे लहान गट जागा बदलतात आणि सारे मिश्रण वाहते. ताण सरला की ते पुन्हा थिजते. पूर्णा नदीच्या खोऱ्यातील खारपाणपट्ट्यात सोडियममुळे चिकणमातीचे कण विखुरतात. जिप्समातील कॅल्शियम त्यांना पुन्हा एकत्र आणते. कण तेच राहतात, बदलतो तो त्यांचा परस्परसंबंध.

एकट्या कणाला थिजणे नाही आणि असे वाहणेही नाही. बौद्ध विचारवंतांच्या मते समूह हे केवळ नाव, अवयवांखेरीज वेगळे काही नाही. वैशेषिक मात्र अवयवी, म्हणजे अवयवांनी बनलेली अखंड वस्तू, खरा मानतात. चिखलाचे वर्तन त्यांच्या बाजूचे आहे, कारण ताणाने वाहण्याचा हा गुण एकाही अवयवात सापडत नाही. तरी तो अवयवीचा स्वयंभू स्वभावही नाही. तो कणांच्या संयोगावर, दाटीवर आणि ताणावर टिकून आहे. संयोग हाही वैशेषिकांनी मानलेला गुणच आहे. म्हणून नैमित्तिक द्रवत्वाची व्याख्या अग्नीपुरती न ठेवता या सर्व निमित्तांपर्यंत विस्तारली, तर काळ्या मातीचे वाहणे त्याच दर्शनाच्या चौकटीत बसते.