माळ घातल्यावरही हात का थरथरतो?

आषाढ वद्य एकादशीची रात्र होती. डोंबिवली पश्चिमेला आमच्या मंडळाचे भजन नुकतेच आटोपले होते आणि मंडळी एकमेकांना बुक्का लावून पाया पडत होती. आमच्या पखवाज वाजवणाऱ्या गड्याच्या कपाळाला बुक्का लावायला मी पुढे झालो आणि नेहमीपेक्षा जरा जास्तच जवळ गेलो. बुक्का हे निमित्त होते. मला त्याच्या तोंडाचा वास घ्यायचा होता.

वास आला नाही. बुक्क्याचा आला, घामाचा आला. मी मागे सरकणार तोच तो हळू आवाजात म्हणाला, "आला का वास, माउली?"

या गोष्टीला काही वर्षे झाली. लिहिण्यापूर्वी मी त्याची परवानगी घेतली आहे. नाव मात्र लिहीत नाही, कारण त्याच्यासारखे या कल्याण-डोंबिवलीत घरटी नसले तरी गल्लीगणिक आहेत.

तो एमआयडीसीत लेथवर काम करी. पंधरा-सोळा वर्षे रोज प्यायचा. शेवटी ज्येष्ठ महिन्यात रक्ताची उलटी झाली, ठाण्याच्या रुग्णालयात दाखल केले आणि तिथून जे सुटले ते सुटले. आषाढी एकादशीला त्याने माळ घातली. पखवाज त्याला लहानपणापासून यायचा, म्हणून आम्ही आनंदाने त्याला भजनाला बसवले. त्या रात्री धुमेला कणीक लावताना त्याचे हात थरथरत होते, ते सगळ्यांनी पाहिले. गजराच्या वेळी दोनदा ठेका सुटला. पावसाळी गारव्यात त्याचा सदरा घामाने भिजला. चार दिवसांवर आषाढी अमावास्या आलेली. तिला आपण दिव्यांची अमावास्या म्हणतो, पण आपल्या भागात तिचे चालू नाव 'गटारी' आहे आणि लोक ती आठवडाभर आधीच सुरू करतात. टाळकऱ्यांत कुजबुज झाली, "सोडून दोन महिने होत आले. आता कसली थरथर?" मला मंडळात वडीलकीचा मान. म्हणून खात्री करायचे काम मी माझ्याकडे घेतले.

माझा प्रश्न मला त्या रात्री चुकीचा वाटला नव्हता. माळकरी खोटे बोलत असेल तर माळेला उणेपणा येतो, असे मी स्वतःला सांगत होतो. पण घरी येताना त्याचे वाक्य डोक्यातून जाईना. दुसऱ्या दिवशी त्याच्या घरी गेलो. तो म्हणाला, "काका, तुम्ही एकदा घेतला. घरी रोज घेतात. मुलगी दप्तर ठेवायच्या आधी माझ्याजवळ येऊन उभी राहते, ती कशासाठी ते मला कळत नाही होय?" मग जरा थांबून म्हणाला, "माझाच माझ्यावर विश्वास बसत नाही. हात असा हलतो, रात्री दोनला जाग येते ती येतेच, तळपायांना मुंग्या, डोक्यात काही राहत नाही. मला वाटतं, पांडुरंगानं माळ घेतली नाही माझी."

इथे मला बोलायला शब्द नव्हते, कारण मला काही माहीतच नव्हते. पुढच्या तपासणीला मी त्याच्याबरोबर गेलो. डॉक्टरांनी जे सांगितले ते साधे आहे, आणि माळ घालायला सांगणाऱ्या आपल्यासारख्या प्रत्येकाला ते ठाऊक असायला हवे. दारू मेंदूचा वेग मंदावते. रोज बाहेरून कोणी ब्रेक दाबत असेल तर मेंदू आपले ब्रेक सैल करतो आणि वेग वाढवून ठेवतो, म्हणजे हिशेब जुळतो. दारू एकदम बंद झाली की बाहेरचा ब्रेक जातो, आतले ब्रेक अजून सैलच असतात. म्हणून पहिल्या काही तासांपासून थरकाप, घाम, धडधड सुरू होते. पहिले तीन-चार दिवस सर्वांत धोक्याचे. कोणाला फिट येते, कोणाला भास होतात, ताप चढतो, योग्य उपचार नसतील तर माणूस दगावतोसुद्धा. आठवड्याभरात हे वादळ बहुधा ओसरते. पण मागे जे उरते, झोप न लागणे, चिडचिड, थकवा, विसरभोळेपणा, उगाच दाटून येणारी उदासी, बारीक थरथर, ते काही आठवडे आणि पुष्कळदा काही महिने रेंगाळते. ते एकसारखे कमी होत नाही. चार दिवस बरे जातात, पाचव्या दिवशी पुन्हा तसेच. मुंग्यांचे कारण निराळे. दारूने आणि ब-१ जीवनसत्त्वाच्या अभावाने नसा दुखावलेल्या असतात. त्या अगदी सावकाश भरून येतात, काहींच्या पूर्ण येतही नाहीत. आणि थरथर फारच रेंगाळली तर ती दारूचीच धरून बसू नये, थायरॉइडसारखी दुसरी कारणेही तपासावी लागतात.

म्हणजे तो थरथरता हात दारू प्याल्याची खूण नव्हता. दारू न प्याल्याची होती. मी नेमके उलटे वाचले होते.

आपल्या कीर्तनांचा यात काही दोष आहे का, असा विचार मी नंतर पुष्कळ केला. दारू सोडा हे सांगण्यात आपली परंपरा कुठेच कमी पडली नाही. गाडगेबाबांचे वडील झिंगराजी दारूपायीच गेले, तेव्हा डेबूजी लहान होता. पुढे स्वतःच्या मुलीच्या बारशाला रूढीप्रमाणे दारू-मटण न देता त्यांनी गोडाचे जेवण घातले, आणि जन्मभर कीर्तनातून या व्यसनावर घाव घातले. आपल्या डोंबिवलीत ज्यांच्या नावाचे क्रीडासंकुल आहे, ते ह.भ.प. सावळाराम महाराज म्हात्रे हे याच मातीतले वारकरी. तरीही हळदीच्या मांडवात आजही काय वाहते ते आपण जाणतो. पण हे सगळे सांगणे सोडण्यापर्यंतचे. सोडल्यानंतर काय होते, हे व्यासपीठावरून कोणी सांगत नाही. आपला वाल्या कोळी एका वाक्यात वाल्मीकी होतो. खरे तर त्याच कथेत वारूळ आहे. मुंग्यांना माणसाच्या अंगावर वारूळ उभारायला किती काळ लागत असेल? कथा सांगताना आपण वारुळावरून घाईने पुढे जातो, आणि आमच्या पखवाजवाल्याला मुंग्या नेमक्या तिथेच लागल्या होत्या.

त्याच्या मनात दोन विकल्प होते. पहिला, ही शिक्षा आहे. पांडुरंग मोजून घेतो आहे. मी त्याला विचारले, तुझ्या मुलीचा हात मोडला आणि प्लास्टर काढल्यावर महिनाभर दुखत राहिला, तर ती शिक्षा म्हणशील का? तो काही बोलला नाही. भोग हा शब्द आपण फार सैल वापरतो. ज्याचे कारण आपल्याला ठाऊक नसते त्याला प्रारब्ध म्हणून मोकळे होतो, आणि कारण ठाऊक झाल्यावरही तोच शब्द चिकटून राहतो. देहाने जे सोसले त्याची दुरुस्ती चालू असताना दुखते. दुरुस्तीला दंड म्हटले की माणूस निराश होतो, आणि निराश माणसाला गुत्त्याची वाट फार जवळची असते.

दुसरा विकल्प त्याहून सूक्ष्म. मला तो त्याच्या बायकोने दाखवला. एकदा तो म्हणाला, "मी इतकं भोगतोय, म्हणजे फिटलंच की थोडंफार." ती चहा गाळत होती. मान वर न करता म्हणाली, "तुमचा हात हलतो त्यात माझं काय फिटलं?" तिचे म्हणणे कठोर वाटेल, पण ते खरे आहे. तिचे मंगळसूत्र सोनाराकडे गेले होते ते तिकडेच राहिले. मुलीच्या शाळेची फी तिच्या भावाने भरली होती. त्याच्या झोपमोडीने यातले काही भरून येत नव्हते. देहाचे दुखणे म्हणजे शिक्षा नव्हे, तसे प्रायश्चित्तही नव्हे. ते फक्त दुखणे आहे. प्रायश्चित्त निराळे करावे लागते आणि ते ज्याचे देणे असेल त्याच्या हातात द्यावे लागते. त्याने पुढे पगाराचे पाकीट न फोडता तिच्या हाती द्यायला सुरुवात केली. ती मोजून घ्यायची, त्याच्या समोर. त्याला लागायचे. पण त्याने एकदाही तक्रार केली नाही.

मंडळात आणखी एक प्रश्न उपस्थित झाला. नाम घेतोस, मग गोळ्या कशाला? नामावर भरवसा नाही का? मला या प्रश्नाचा राग येतो. ज्ञानोबारायांनी सहाव्या अध्यायात योग्याच्या खाण्याला, झोपेला, हालचालीला माप सांगितले आहे. देहाचा धर्म देहाच्या रीतीने सांभाळायचा, हे त्यात गृहीत आहे. चष्मा लावून पोथी वाचणाऱ्याला नामावर भरवसा नाही का, असे आपण विचारत नाही. त्याला डॉक्टरांनी पहिले काही महिने उपाशी राहायचे नाही, वेळेवर खायचे, असे बजावले होते. त्याला मात्र एकादशी निर्जळी करायची होती, चांगले माळकरी करतात तशी. मी सांगितले, आजाऱ्याला उपवासातून सूट आहे, ही आपल्या धर्मातली जुनी सोय आहे. तू फराळ कर, नाम घे. तो नाखुशीने तयार झाला. उपाशी पोटी येणारी कासाविशी आणि दारूची तलफ यांतला फरक सुरुवातीला त्याला स्वतःलाही कळत नसे. गुळाचा खडा तोंडात टाकला की अर्धी तलफ निघून जाते, हा शोध त्याचा त्यानेच लावला.

इथे एक गोष्ट आग्रहाने लिहितो. आपण एखाद्याला वारीत किंवा सप्ताहात भर मांडवात शपथ घालतो, "आजपासून बंद." जो रोज आणि भरपूर पितो, त्याच्या जिवाला हे धोक्याचे असू शकते. शपथ अवश्य घालावी, आणि त्याच दिवशी त्याला डॉक्टरकडे न्यावे. पुण्याला १९८६ साली डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी पु. ल. देशपांड्यांच्या देणगीतून मुक्तांगण उभे केले. ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णी यांची आयपीएच संस्था १९९० पासून आहे. अल्कोहोलिक्स अनॉनिमसच्या बैठका आपल्या भागात मराठीतून होतात, फी लागत नाही, नाव सांगावे लागत नाही. तिथले लोक फक्त आजच्या दिवसाचा संकल्प करतात. आपल्या नित्यनेमाच्या माणसाला हे परके वाटू नये. आणि लोकलच्या डब्यात 'न कळत दारू सोडवा' अशा चिठ्ठ्या चिकटवलेल्या असतात, त्यांच्या नादी लागू नये. डायसल्फिरामसारखे औषध पोटात असताना दारू घेतली तर जीव जाऊ शकतो. ते माणसाला सांगून, त्याच्या संमतीने आणि डॉक्टरांच्या देखरेखीखालीच द्यायचे असते. शिवाय चहात गुपचूप पूड कालवणे आणि बुक्क्याच्या निमित्ताने गुपचूप वास घेणे, यांत मला आता फारसा फरक दिसत नाही. दोन्हींत समोरच्या माणसाला विचारलेले नसते.

गोरोबाकाकांची कथा आपण सारे सांगतो. संतांच्या मेळ्यात मुक्ताईने विचारले, कोणते मडके कच्चे? काकांनी थापटी घेतली आणि एकेकाच्या डोक्यावर मारत गेले. नामदेवराय चिडले आणि कच्चे ठरले. ही कथा मी पन्नास वेळा ऐकली असेल, आणि प्रत्येक वेळी थापटी आपल्या हातात आहे अशाच भावनेने ऐकली. त्या बुक्क्याच्या रात्रीनंतर ध्यानात आले, की थापटी धरणारा कुंभार होता. कच्चे मडके उन्हात ठेवले की तडकते, सावलीत सावकाश वाळवावे लागते, हे ज्याला ठाऊक त्याच्या हाती ती शोभते. आणि कच्चे ठरल्यावर नामदेवरायांना कोणी मेळ्यातून उठवले नाही. ते विसोबा खेचरांकडे गेले, परत आले, आणि पुढे किती चालले हे पंजाबला विचारावे.

अमावास्येच्या संध्याकाळी त्याच्या कंपनीतले तिघे त्याला न्यायला आले होते. तो सहा वाजताच आमच्याकडे येऊन बसला. सौभाग्यवतीने कणकेचे दिवे केले होते, ते त्याने पाटावर मांडले. वात पेटवताना काडी तीनदा विझली. तिसऱ्यांदा मी हात पुढे करणार होतो, पण केला नाही. चौथ्या काडीला दिवा लागला. मग आम्ही हरिपाठ म्हटला आणि दहाची कल्याण लोकल गेल्याचा आवाज आल्यावर तो घरी गेला.

थरथर दिवाळीपर्यंत गेली. झोप यायला वर्ष लागले. मुंग्या अजून थोड्या आहेत, वारीत दिवसभर चालणे त्याला झेपत नाही, म्हणून तो लोणंदपासून पुढे दिंडीच्या टेम्पोत बसतो. कोणी काही म्हणेल म्हणून आधी लाजायचा, आता लाजत नाही. बायको अजूनही पगार मोजून घेते.

दर एकादशीला भजन संपले की तो माझ्यासमोर येतो, कपाळ पुढे करतो, आणि मी बुक्क्याचे बोट उचलले की तोंडाने मोठ्ठा श्वास सोडतो. मंडळी हसतात. तोही हसतो. मला अजून हसता आलेले नाही.