पाया आधी, कळस मागून





आपल्या संप्रदायाच्या मंदिराचा पाया ज्ञानोबारायांनी घातला आणि तुकोबाराय त्याचे कळस झाले, हे संत बहिणाबाईंच्या अभंगामुळे आपल्यातल्या लहान पोरालाही ठाऊक आहे. कळस लांबून दिसतो, म्हणून त्याला सगळेच हात जोडतात. पाया मात्र जमिनीत गेलेला. त्याला कोण पाहतो? तरी कळस उभा आहे तो त्याच्याच बळावर.

दृष्टांत आपल्या दारातच आहे. घाटकोपर, मुलुंड, अंधेरी, बोरिवली, कुठेही जा. जुन्या चाळी पाडून मोठमोठे टॉवर उठत आहेत. आधी कितीतरी महिने नुसता खड्डा दिसतो. लोखंड पुरतात, काँक्रीट ओततात, पण वर भिंत म्हणून दिसत नाही. तरी पैसा मातीत घातला असे कोणी म्हणत नाही, कारण जेवढे मजले वर जायचे तेवढा पाया खोल, हे सर्वांना कळते. आता दार्ष्टांतिक ऐका. मनुष्यदेहाच्या इमारतीचा पाया म्हणजे जन्मापासून सहा वर्षांपर्यंतचा काळ. मेंदूची पंच्याऐंशी टक्क्यांहून अधिक वाढ सहाव्या वर्षाच्या आत होते, असे देशाच्या 2020 सालच्या शैक्षणिक धोरणातही नमूद आहे. आणि आम्ही काय करतो? पोर दहावीला आले की क्लासला हजारो रुपये मोजतो. कळसाला सोन्याचा पत्रा, आणि पायात भुसा!

येथे पूर्वपक्ष असा येतो, “अहो महाराज, आमच्या वेळी कुठे होती बालवाडी? सातव्या वर्षी पाटी धरली, तरी आमचे काही अडले नाही.” खरे आहे. पण बाबांनो, तुमच्या वेळी अंगण होते. आजी होती, जात्यावरची गाणी होती, चिंचोके होते, ओढा होता, गोठ्यातले वासरू होते. तीच तुमची बालवाडी. तिला नाव नव्हते, एवढेच. आज असल्फ्याच्या टेकडीवर दहा बाय दहाच्या खोलीत वाढणाऱ्या लेकराला यातले काय मिळते? बाप रिक्षावर, आई चार घरच्या कामावर, आजी गावी. आणि लेकराच्या हाती मोबाइल. त्याचे अंगणच हरवले आहे.

ते परत कसे मिळते, हे आपल्याच भागातल्या दोन माउल्यांनी दाखवून दिले. बोरिवलीहून त्याच रेल्वेमार्गाने पुढे गेले की डहाणूच्या पलीकडे घोलवड स्टेशन लागते. तिथून जवळच बोर्डी हे गाव. 1945 साली ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी तिथे गोरगरिबांच्या मुलांसाठी काम आरंभिले. वस्तीतली मुले शाळेत येईनात. मग ताराबाईंनी मुलांना दोष दिला नाही. शाळाच उचलून त्यांच्या अंगणात नेली. तीच अंगणवाडी. विलायती महाग साधने परवडणारी नव्हती, म्हणून बिया, पाने, खडे, शिंपले हीच साधने केली. पुढे कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांत हे काम वाढले. 2 ऑक्टोबर 1975 रोजी भारत सरकारने एकात्मिक बाल विकास सेवा योजना 33 ठिकाणी सुरू केली, आणि तिच्या केंद्रांना देशभर नाव मिळाले तेही अंगणवाडी.

आता फळाचे ऐका. मायबाप, फळ लगेच दिसत नाही. इथेच माणसाची श्रद्धा ढळते. अमेरिकेत मिशिगन प्रांतातल्या इप्सिलांटी गावी 1962 साली गरीब घरच्या 123 मुलांचे दोन गट केले. एका गटातली तीन-चार वर्षांची मुले चांगल्या बालवाडीत घातली. शिक्षिका दर आठवड्याला घरी जाऊन आईशीही बोलत. दुसऱ्या गटाला असे काही नव्हते. पुढे शाळेत गेल्यावर बुद्धीच्या परीक्षेत दोन्ही गट जवळपास सारखेच दिसू लागले. लोकांना वाटले, खर्च वाया गेला. पण तीच मुले चाळीस वर्षांची झाल्यावर पाहिले, तेव्हा बालवाडीतल्यांपैकी अधिक जण शाळा पुरी करून कामधंद्याला लागलेले होते, आणि तुरुंगात गेलेले कमी होते. पाया मातीत गडप होतो, पण इमारतीला विसरत नाही.

दुसरे प्रमाण जमैका बेटावरचे. किंग्स्टन शहरात 1986-87 च्या सुमारास खुरटलेली 129 बाळे निवडली. काहींच्या घरी आठवड्यातून एकदा, तासभर, आरोग्यसेविका जाई आणि घरच्याच वस्तूंची खेळणी करून बाळाशी कसे बोलावे, कसे खेळावे हे आईला दाखवी. असे दोन वर्षे चालले. वीस वर्षांनी त्या मुलांची कमाई, ज्यांना काहीच मिळाले नव्हते त्यांच्यापेक्षा सरासरी पंचवीस टक्के जास्त निघाली. काही बाळांना नुसता पूरक आहार दिला होता. त्याचा असा टिकाऊ गुण वीस वर्षांनी दिसला नाही.

हे आपण अन्नदान करणाऱ्यांनी नीट ध्यानात घ्यावे. अन्न पूर्णब्रह्म आहे. ते थांबवा असे कोणी समजू नये. उपाशी लेकरू काय शिकणार? पण लेकराला दोन भुका असतात. एक पोटाची, दुसरी शब्दाची, खेळाची, मांडीची. पहिली आम्ही पंगतीत भागवतो. दुसरीची आम्हांला आठवणही राहत नाही.

आणि खेळ म्हणजे वेळ दवडणे, असे वारकऱ्याने तरी म्हणू नये. फुगडी, हुतुतू, लगोऱ्या यांच्या नावाने तुकोबारायांच्या गाथेत अभंग आहेत. पालखी सोहळ्यात पिकल्या केसांची माणसे फुगडी घालतात. मग तीन वर्षांच्या पोराची बोटे पेन्सिलीवर दाबून “अक्षर काढ, नाहीतर नर्सरीत नंबर लागणार नाही” असे का धमकवावे? त्याला माती द्या, गोष्ट सांगा, प्रश्न विचारू द्या. अक्षर आपल्या पायांनी चालत येईल.

असो. आता पदरचे काय करावे, ते सांगतो. उपनगरांत आपल्या मंडळांची विठ्ठलमंदिरे आहेत. काकडा झाला की सभामंडप रिकामा, तो संध्याकाळच्या हरिपाठापर्यंत. आणि त्याच वस्तीत अंगणवाडीची सेविका भाड्याच्या अंधाऱ्या खोलीत लेकरे दाटीवाटीने बसवते. हे दोन्ही आम्ही रोज पाहतो. मग सकाळचे तीन तास तो मंडप लेकरांना का देऊ नये? पाणी, मोरी, वारा, उजेड, सगळे तिथे तयार आहे. सप्ताहाच्या वर्गणीतून एक हिस्सा खेळण्यांसाठी, गोष्टींच्या पुस्तकांसाठी काढावा. मांडव एक हात लहान झाला तर पांडुरंग रागावणार नाही. माळकरी आजीबाईंनी पाळीपाळीने जाऊन गोष्ट सांगावी. मात्र तिथे सत्ता सेविकेची, मंडळाची नव्हे. दाराशी जात विचारू नये, धर्म विचारू नये. आणि ज्याच्या घरी लेकरू आहे त्याने रोज निदान अर्धा तास फोन बाजूला ठेवून त्याच्याशी बोलावे. याला वर्गणी लागत नाही.

कोणी म्हणेल, देवाच्या दारी पोरे घाण करतील. अहो, आपला देव लेकुरवाळा! आणि गाडगेबाबांचे उदाहरण आठवा. पंढरपुरात त्यांनी लोकांच्या पैपैशातून चोखामेळा धर्मशाळा उभी केली, आणि पुढे तीच इमारत विद्येच्या कामासाठी डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या स्वाधीन केली. यात्रेकरूंची जागा विद्यार्थ्यांना दिली म्हणून धर्म उणा झाला नाही. आम्हांला तर जागा द्यायचीही नाही. रिकामी असेल तेव्हा उघडायची आहे.

येत्या एकादशीला कीर्तनानंतर मंडळाच्या चार जाणत्यांनी दहा मिनिटे बसावे, आपल्या वस्तीतली अंगणवाडी कुठे भरते याची चौकशी करावी आणि सेविकाताईंना विचारावे, “ताई, तुम्हांला काय हवे?” त्या लेकरांचा कळस आपल्यातल्या पुष्कळांना या डोळ्यांनी दिसणार नाही. पाया घालणाऱ्याने ती आशा धरायची नसते.

पुंडलीक वरदा हरि विठ्ठल!