हात मंद की डोकं?

चि. सोनूस,

वर्ध्याला रुजू झालीस आणि पहिल्याच पत्रात विचारलंस, अध्ययन अक्षमतेच्या तपासणीत वेग मोजायला कोणती चाचणी घेऊ? कपाटात हाताला लागेल ती घेऊ नकोस. मूल कुठे अडतंय ते बघ, मग निवड.

कपाटात बहुधा ‘मिसिक’ ही मुलांची बुद्धिमापन चाचणी असेल. नागपूरच्या डॉ. मॅलिन यांनी १९६९ मध्ये वेक्सलर यांच्या चाचणीवरून बेतलेली. अध्ययन अक्षमता तपासण्याच्या २०१८ च्या सरकारी मार्गदर्शक सूचनांतही तिचं नाव होतं. पण तिच्यात थेट वेगाची म्हणावी अशी उपचाचणी एकच, कोडिंग. प्रत्येक आकड्याखाली ठरलेली खूण काढत जायची. त्यात नजर, स्मरण आणि पेन्सिलीची पकड सगळं एकात एक मिसळलेलं असतं.

म्हणून घड्याळाइतकंच मुलाच्या हाताकडे बघ. एखादं पोर खूण गिरवतं, पुसतं, पुन्हा काढतं; चूक एकही नाही, पण अर्धा कागद कोरा. दुसरं दर खुणेला मान वर करून नमुना बघतं, कारण जोडी ध्यानात राहत नाही. गुण दोघांचे सारखेच येऊ शकतात! डावखुऱ्या मुलाचा नमुना त्याच्याच हाताखाली झाकला जाऊ शकतो; त्याच्या उजवीकडे दुसरी प्रत ठेव.

कोडिंगला जोड म्हणून लिहावं न लागणारी चाचणी हवीच. ‘सिम्बॉल डिजिट’ ही खुणेचा आकडा ओळखायची चाचणी नव्वद सेकंदांची, लेखी आणि तोंडी दोन्ही घेता येते. लेखीत मागे आणि तोंडीत बरोबरीने असेल, तर आधी हाताकडे बघ. वाचन अडखळत असेल तर भराभर नावं सांगायची चाचणी घे, पण अक्षरांची नको. ज्याची अक्षरंच कच्ची, त्याला तिथे गाठून काय कळणार? रंग किंवा चित्रं घे. आकडे घ्यायचेच तर मूल ते कोणत्या भाषेत म्हणतं, हे आधी विचार; सेमी-इंग्रजीतल्या पोरांच्या तोंडात कधी ‘सेव्हन’ येतं, कधी ‘सात’. आणि अमेरिकेतल्या मुलांवरून बांधलेली मानकं समुद्रपूरच्या पोराला लावून टक्के काढू नकोस. निरीक्षण म्हणून लिही, तेवढं पुरे.

निमहान्स संस्थेच्या अध्ययन अक्षमतेच्या चाचणीसंचातली आकडे खोडायची चाचणी लक्षाची आहे, ती वेगाच्या रकान्यात घालू नकोस. शिवाय तो संच बारा वर्षांपर्यंतचा. दहावीच्या पोराला तोकडाच. आणि दहावी आली की पालक धावत येतातच.

आपल्या भागात आणखी एक गोष्ट विसरायची नाही: सिकलसेल. रक्ताच्या या आनुवंशिक आजारात मेंदूला बाहेरून न जाणवणारी बारीक इजा होऊन वेग मंदावू शकतो. घरात कुणाला आहे का, मुलाची रक्ततपासणी झाली आहे का, हे चाचणीआधी विचार. रक्तक्षय, चष्मा, रात्रीची झोप, तेही. चाचणीच्या दिवशी पोर दमलेलं असेल तर सरळ पुढची तारीख दे.

परीक्षेत तासाला २० मिनिटं जादा मिळावीत की नाही, हे तुझ्या कागदावर अवलंबून असतं. तेव्हा ‘वेग कमी’ एवढंच लिहून मोकळी होऊ नकोस. कोणत्या कामात कमी, लिहिताना की बोलताना, ते स्पष्ट लिही.

तुझी मावशी