कुणाच्या वतीने?

जायकवाडीच्या पाणीसाठ्याचा आकडा एका संकेतस्थळावरून रोज सकाळी उचलायचा आणि शेतकऱ्यांच्या फोनवर धाडायचा, असा एक छोटा प्रोग्रॅम आम्ही सिडकोतल्या ऑफिसात लिहीत होतो. सर्व्हरकडे काही मागताना प्रोग्रॅम आपली ओळख सांगणारी एक ओळ पाठवतो, तिला ‘यूजर-एजंट’ म्हणतात. त्या ओळीपाशी आल्यावर आमच्यातला सगळ्यात तरुण सहकारी म्हणाला, “सर, क्रोमचंच नाव टाकू या. अनोळखी नाव दिसलं की अडवतात.” व्यवहार म्हणून त्याचं चूक नव्हतं. पण ज्या नावाची कुणी शहानिशाच करत नाही, ते खरं सांगायला माणूस बांधील आहे का?

मला पैठणचे नाथ, म्हणजे संत एकनाथ, आठवले. त्यांच्या अभंगांत शेवटी मुद्रा येते, ‘एका जनार्दनी’. जनार्दनस्वामी देवगिरीचे किल्लेदार आणि नाथांचे गुरू. रचणाऱ्याचं नाव आणि त्याला लागूनच, तो ज्याचा म्हणवतो त्याचं नाव. मुद्रेनं सिद्ध मात्र काहीच होत नाही. विष्णुदास नामा या नंतरच्या कवीची कितीतरी पदं नामदेवांच्या गाथेत मिसळून गेली, ती वेगळी काढताना अभ्यासकांची दमछाक झाली. ग्रंथात परकं काय काय शिरतं हे नाथांइतकं कुणाला ठाऊक असणार? १५८४ साली ज्ञानेश्वरीची प्रत त्यांनीच शुद्ध केली. तरी स्वतःच्या अभंगात ते मुद्रा घालत राहिले. मला वाटतं, मुद्रा हा पुरावा नव्हेच. ‘या बोलण्याची जबाबदारी माझी’ एवढंच ती सांगते.

वेबचे नियमही इथंच येऊन पोहोचतात. एचटीटीपीचं २०२२ चं मानक सांगतं की सुसंगतता दाखवायला दुसऱ्याच्या सॉफ्टवेअरचं नाव लावू नये, आणि आपोआप चालणाऱ्या रोबोटनं तो चालवणाऱ्या माणसाचा ईमेल पत्ताही द्यावा, म्हणजे काही बिघडलं तर कुणाला तरी गाठता येईल. एका आणि जनार्दन, दोघंही हवेत.

अर्थात खोट्या नावाचा दोष एकट्या पाहुण्याचा नसतो. नव्वदच्या दशकात काही सर्व्हर चांगली पानं फक्त ‘मोझिला’ असं नाव सांगणाऱ्या ब्राउझरला वाढू लागले, तेव्हा इंटरनेट एक्स्प्लोररनंही स्वतःला मोझिला म्हणवून घेतलं. पुढं हीच रीत पडली. आज क्रोमची ओळ ‘मोझिला/५.०’नं सुरू होते आणि तिच्या शेवटी ‘सफारी’ असतं. नाव विचारून पंगत मांडली की खोटी नावं येणारच. पाहुण्याला जोखायचं तर त्याच्या वागण्यावरून जोखावं. तो किती वेळा येतो, संकेतस्थळाच्या ‘रोबोट्स डॉट टीएक्सटी’ या फाइलमध्ये मनाई केलेल्या पानांवर जातो का, ते पाहावं.

आणि ही सक्ती माणसावर नको. रात्री आपल्या आजाराबद्दल गुपचूप वाचणाऱ्या बाईनं नाव-गाव का सांगावं? ब्राउझरनं गरजेपेक्षा बारीक तपशील देऊ नये, असं तेच मानक म्हणतं, कारण तेवढ्यावरून माणूस ओळखता येतो. माणूस एक पान उघडतो, वाचतो, थांबतो. यंत्र मात्र न दमता हजार वेळा दार ठोठावू शकतं, आणि ते ठोठावत असताना मालक घरी झोपलेला असतो. म्हणून बंधन यंत्राला.

आम्ही ओळीत प्रोग्रॅमचं नाव, आवृत्ती आणि ऑफिसचा ईमेल लिहिला. दिवसातून एकच मागणी, तीही पहाटे.

“आणि अडवलंच तर?” सहकाऱ्यानं विचारलं.

तर पत्र लिहून परवानगी मागायची, मिळाली नाही तर दुसरी वाट शोधायची. नाही म्हणणं हा समोरच्याचा हक्क आहे, आणि खोटं नाव सांगून आपण नेमका तोच हिरावून घेतो.