तण कुणाला म्हणायचं?

माठ आपल्याला निदान चार रूपांत भेटतो. मंडईत तो जुडी बांधलेला लाल माठ. एकादशीला राजगिऱ्याचा लाडू. नर्सरीत काळ्या पिशवीतला, तांबड्या-पिवळ्या पानांचा, 'शोभेचा'. आणि शेतात तण. हे सगळे अमरँथस या एकाच प्रजातीतले भाऊबंद. त्यातही भाजीचा लाल माठ आणि कुंडीतला रंगीत माठ यांची शास्त्रीय जातही बहुतेक वेळा एकच असते: अमरँथस ट्रायकलर. एकाला आपण फोडणीत टाकतो, दुसऱ्याचा फोटो काढून स्टेटसला ठेवतो.

मग झाड तण कधी होतं? प्रश्न वाटतो तितका हलका नाही. त्याच्या उत्तरावर कुणाच्या तरी ताटातली भाजी अवलंबून असते.

आधी शोभेचा माठ बघू. वाळवा तालुक्यातल्या आष्ट्यात, आमच्या परसात, आजी तो पावसाच्या तोंडाला लावते. बी मोहरीहून बारीक, म्हणून वाळूत मिसळून टाकायचं आणि वर मातीचा नुसता हात फिरवायचा. ऊब असली की आठवड्याच्या आत उगवतं. ऊन भरपूर लागतं. सावलीत रंग उतरतो. युरिया जास्त पडला की पानं हिरवट होतात. पाणी साचलं की मूळ कुजतं. रोप वीतभर झालं की शेंडा खुडायचा, म्हणजे फांद्या फुटतात. लाड केले तर बिघडणारं हे झाड आहे.

आणि मग विरळणी. शंभर रोपं उगवली तर आजी दहा ठेवते, नव्वद उपटते. ठेवलेल्या आणि उपटलेल्या रोपांत गुणांचा काही फरक नसतो, फरक जागेचा असतो. म्हणजे बागेतली मायासुद्धा निवड केल्याशिवाय होत नाही. कुणाची तरी काळजी घ्यायची तर कुणाला तरी उपटावं लागतं, हे मला मान्य आहे. पण आजी उपटलेली नव्वद रोपं फेकत नाही. निवडून, धुऊन त्यांची भाजी करते.

त्याच गावाच्या शिवारात माठ आपोआप उगवतो, तांदुळजा आणि काटेमाठही. तिथं भांगलण होते. बायका खुरप्यानं एकेक रोप काढत सरीनं पुढं सरकतात आणि त्यातलंच माठ, तांदुळजा, घोळ, पाथरी ओच्यात भरतात. काका एकदा म्हणाले, "तण बांधावर टाका." त्यावर एक मावशी हसून म्हणाल्या, "तण कसलं दाजी, रातची भाजी हाय ती." रोप तेच, सरी तीच, दोघंही आपापल्या जागी खरं बोलत होते.

आता उसात टू-फोर-डी फवारतात. ऊस गवताच्या कुळातला, म्हणून तगतो. रुंद पानाचं सगळं करपतं. सुक्याबरोबर ओलंही जळतं, तशी तणाबरोबर भाजीही. आमच्या धंद्यात याला फिल्टर म्हणतात: नियम एकदा लिहायचा, मग तो लाखो वेळा चालतो आणि गाळलेल्याकडं कुणी बघत नाही. स्पॅमचा फोल्डर निदान उघडून बघता येतो. फवारलेलं रान तसं उघडता येत नाही.

पण भांगलण म्हणजे कविता नव्हे. दिवसभर वाकून कंबर मोडते, आणि बाईची मजुरी गड्यापेक्षा कमी. मजूर मिळत नाहीत हेही खरं. लॅपटॉपवर पगार मिळवणाऱ्या मी काकांना 'फवारू नका' म्हणणं सोपं आहे, म्हणूनच ते म्हणवत नाही.

माझी अडचण 'तण' या शब्दाशी आहे. तो अर्धं वाक्य गिळतो. पूर्ण वाक्य असं: हे रोप 'माझ्या उसासाठी' तण आहे. तेवढं म्हटलं की पुढचा प्रश्न आपोआप येतो: मग दुसऱ्या कुणासाठी ते काय आहे? फवारणीच्या हिशोबात औषधाची किंमत येते, वाचलेली मजुरी येते. मावशींची भाजी येत नाही, कारण ती कधी विकत घेतलेलीच नव्हती. ज्याची पावती नाही ते नुकसान दिसत नाही. ज्याचं होतं त्याला मात्र ते रोज संध्याकाळी दिसतं.

आणि नावं कायमची नसतात. राजगिरा मूळचा मेक्सिकोचा. अझ्टेक लोक त्याच्या पिठाच्या देवमूर्ती करत, म्हणून १५२१ नंतर स्पॅनिश राज्यकर्त्यांनी त्याला दाबलं. तिथं जो पाखंड ठरला तो इथं एकादशीला चालतो. उलट अमेरिकेत 'पामर' नावाचा एक माठ आहे. एडवर्ड पामर या वनस्पती गोळा करणाऱ्याचं ते नाव. मराठीत मात्र ते भलतंच शोभतं. एक मादी झाड लाखांनी बी देतं. ग्लायफोसेटला न जुमानणारा पामर जॉर्जिया राज्यात २००५ साली पक्का सापडला. वर्षानुवर्षं एकच औषध मारल्यावर जे मरत नव्हतं तेच उरलं आणि वाढलं. न बघता केलेली निवडही निवडच असते, फक्त ती आपल्या हातात राहत नाही.

म्हणून माझं मागणं लहान आहे. उपटायचा हक्क आहे. पण उपटताना कुणाचं काय जातंय ते मोजावं. बांधाकडेच्या दोन सरी फवारू नयेत. फवारायच्या आदल्या दिवशी बायकांना सांगावं, म्हणजे त्या भाजी काढून नेतील आणि औषध पडलेली पानं कुणाच्या ताटात जाणार नाहीत.

काकांना हे सुचवलं. ते म्हणाले, "सांगायला काय, सांगतो की. सरीबी ठेवतो. पर तिथलं बी समद्या उसात गेल्यावर भांगलायला तू येणार काय?"

प्रश्न रास्त आहे. दुसऱ्याच्या रानात माया करायला सांगणं फुकट असतं, त्याची कंबर मात्र कुणाची तरी जाते. 'येतो' म्हणालोय. पुण्याहून आष्टा लांब नाही.