सक्ती गेली, साधेपणा राहील का?

२०२० च्या टाळेबंदीत लग्नाला ५० आणि अंत्यविधीला २० माणसांची मर्यादा होती. शेजाऱ्याला खांदा देता आला नाही, ही खंत आपल्याला आजही सलते. लग्ने मात्र दारातल्या छोट्या मांडवात लागली. अनेकांचे कर्ज टळले आणि कोणाचाही संसार त्यावाचून अडला नाही. मग बंधने उठताच आपण पुन्हा मोठ्या हॉलकडे का धावलो? कारण तो साधेपणा नव्हता, नाइलाज होता. कोणी अडवत नसताना मोठेपणाचा मोह आवरणे, हा खरा साधेपणा. पुढच्या लग्नाची यादी करताना आपण स्वतःला विचारू या: हे आमंत्रण प्रेमापोटी, की लोक काय म्हणतील म्हणून? अंत्ययात्रेला मात्र न बोलावता सगळेच जाऊ या.