खोडता न येणारी रेघ
(शास्त्रवाचन : यिर्मया 18:1-6)

या शतकाच्या आरंभी अमेरिकेत रिक रॉबर्ट्स आणि सुलेखनकार मारिया थॉमस या दोघांनी ‘झेंटँगल’ नावाची चित्ररीत सुरू केली. साडेतीन इंची चौकोनी कागद, शाईची लेखणी आणि तीच तीच साधी रेघ शांतपणे ओढणे. आरंभ कृतज्ञतेने करायचा. खोडरबर नाही, हात चुकला तर ती रेघ पुढच्या नक्षीत सामावून घ्यायची.

शब्बाथशाळेत मी एका मुलाला सर्वांदेखत टाकून बोललो. पुढच्या रविवारी तो आला नाही. बोललेला शब्दही शाईसारखाच. खोडता येत नाही.

यिर्मयाने पाहिले की, चाकावरचे पात्र बिघडले तरी कुंभाराने माती टाकली नाही. तिचेच दुसरे पात्र घडवले. म्हणून पाप हे पाप नव्हे, असे नाही. पश्चात्तापाची पुढची रेघ आपणच ओढली पाहिजे.

मी त्याच्या घरी गेलो, आईवडिलांसमोर त्याची क्षमा मागितली. त्याने मान वर केली नाही. पण रविवारी तो मागच्या बाकावर बसला होता.

शिक्षक बंधुभगिनींनो, आपल्यालाही कोणाच्या दारी जायचे राहिले आहे काय? आजच जा. प्रभू आपला हात धरो. आमेन.